गिट डिफमध्ये कॉपी केलेली फाइल 'कॉपी' म्हणून कधी दिसते, कधी 'नवी' म्हणून: चाचण्या आणि आकडे

फांदीवाला

गिट हे फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन कॉपीची नोंद ठेवत नाही. कमिटमध्ये (नोंदवलेल्या आवृत्तीत) असतो तो त्या क्षणीचा पूर्ण ट्री (फाइलींची यादी) आणि प्रत्येक फाइलचा ब्लॉब (मजकूर). 'ही फाइल त्या फाइलवरून आली' असं कुठेही लिहून ठेवलेलं नसतं. डिफ (दोन आवृत्त्यांमधला फरक) मागितला की गिट दोन ट्री शेजारी ठेवतं आणि तेव्हाच्या तेव्हा अंदाज बांधतं. म्हणून एकच कमिट एका पर्यायाने 'नवी फाइल' दाखवतो आणि दुसऱ्या पर्यायाने 'कॉपी'. चाचणी करायची ती या अंदाजाची.

आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या (फाइलींची नावं मात्र देवनागरीतच). डिफच्या ओळीतलं -सी आणि -एम हे मोठं अक्षर समजा. डिफला छोटं -सी दिलं तर अर्थ वेगळा होतो.

मांडणी अशी:

गिट इनिट चाचणी
सीडी चाचणी
गिट कॉन्फिग कोअर.ऑटोसीआरएलएफ फॉल्स
गिट कॉन्फिग कोअर.कोटपाथ फॉल्स
सेक -एफ '%०३९जी' १ १०० > मूळ
गिट ॲड मूळ
गिट कमिट -एम 'आधार'

सेकच्या त्या फॉरमॅटमुळे प्रत्येक ओळीत ३९ अंक आणि शेवटी नवी ओळ, म्हणजे नेमके ४० बाइट येतात. १०० ओळी, ४००० बाइट, कुठलीही ओळ दुसरीसारखी नाही. ओळी सारख्या लांबीच्या हव्यात, कारण साम्याची टक्केवारी ओळी मोजून निघत नाही, बाइट मोजून निघते. कमीजास्त लांबीच्या ओळींवर चाचणी केली तर '१० ओळी बदलल्या तरी ९०% का येत नाही' हा प्रश्न उगाच मागे लागतो.

पहिली चाचणी:

सीपी मूळ प्रत
गिट ॲड .
गिट डिफ --कॅश्ड -सी --नेम-स्टेटस

उत्तर: 'ए प्रत'. म्हणजे नवी फाइल, आणि तेही दोन्ही फाइलींचा ब्लॉब एकच असताना. याचं कारण सगळ्यांनी नीट समजून घेण्यासारखं आहे. एकट्या -सी ला उमेदवार म्हणून फक्त त्याच बदलसंचात बदललेल्या फाइली चालतात. इथे 'मूळ'ला हात लागलेला नाही, त्यामुळे ती यादीतच नाही. आता -सी दोनदा द्या, किंवा --फाइंड-कॉपीज-हार्डर (पुढे नुसतं 'हार्डर') द्या, म्हणजे न बदललेल्या फाइलीही उमेदवार होतात आणि 'सी' (कॉपी) व साम्याची टक्केवारी दिसते:

सी१०० मूळ प्रत

दुसरी चाचणी: प्रत तशीच ठेवून 'मूळ'मधली एक ओळ बदला, ॲड करा आणि एकदाच -सी द्या. आता 'मूळ' एम (बदललेली) म्हणून दिसते आणि 'प्रत'ला सी१०० येतं. तुलना होते ती 'मूळ'च्या जुन्या रूपाशी. बदल आधी करून मग सीपी केलं, तर प्रतीत ती बदललेली ओळ असेल आणि आकडा सी०९९ येईल. या एका टक्क्यावरून कॉपी बदलाआधी झाली की नंतर हे कळतं.

उरलेल्या बाबतींत कोणाकडे पक्के आकडे असतील तर याच मांडणीवर द्या, म्हणजे ताडून बघता येतील.

---

ब्लॉबकर

मांडणी उत्तम आहे. उंबरठ्याचे (कॉपी ठरायला लागणाऱ्या किमान साम्याचे) आकडे याच फाइलीवर देतो. सगळीकडे -सी दोनदा, उंबरठा मूळचा ५०%.

प्रतीतल्या पहिल्या १० ओळींचा पहिला अंक बदलला (सेड -ई '१,१०एस/^०/एक्स/' ने, लांबी तीच राहते): सी०९०.

प्रतीच्या शेवटी आणखी १०० ओळी जोडल्या (सेकला १०१ ते २००): सी०५०. कॉपी म्हणून ओळखली जाते, कारण बरोबर ५० चालतं.

१०१ ओळी जोडल्या: ए. ४००० ला ८०४० ने भागलं की ४९.७५% येतात.

प्रतीत फक्त पहिल्या ५० ओळी ठेवल्या: सी०५०. ४९ ठेवल्या: ए.

सूत्र असं आहे: मूळ फाइलीतले जेवढे बाइट प्रतीत सापडले, त्यांना दोन्ही फाइलींपैकी मोठीच्या आकाराने भागायचं. अपूर्णांक गोल होत नाही, कापला जातो. त्यामुळे मूळ मजकुरातलं एक अक्षरही न बदलता, नुसती भर घालूनसुद्धा कॉपी 'हरवते'. मोठ्या फाइलीतून छोटा भाग वेगळा काढला तर तो बहुतेक वेळा याच कारणाने कॉपी म्हणून दिसत नाही. २००० ओळींच्या फाइलीतून ३०० ओळी नव्या फाइलीत नेल्या तर साम्य १५% भरतं. तिथे उंबरठा खाली आणण्यापेक्षा ब्लेम (कुठली ओळ कुठून आली हे दाखवणारी आज्ञा) वापरा, ते काम डिफचं नाही.

उंबरठा लिहिताना टक्क्याचं चिन्ह टाकायची सवय ठेवा. -सी५ म्हणजे ५% नाही. चिन्ह नसेल तर आकडा दशांशचिन्हापुढचा धरला जातो, म्हणजे ०.५, म्हणजे ५०%. पाच टक्के हवे असतील तर -सी५% किंवा -सी०५. आणि -सी१००% दिलं की फक्त हुबेहूब प्रती.

---

ओळखपट्टी

ओळींचा क्रम बदलला तर? टॅक ने 'मूळ' उलटी करून 'प्रत'मध्ये टाकली, तर आकडा किती यावा?

---

ब्लॉबकर

१००. सी१००, आणि तरीही खाली डिफचे हंक (बदललेल्या ओळींचे गट) दिसतात.

हे विचित्र वाटतं, पण साम्य मोजताना गिट डिफ चालवतच नाही. ते फाइलीचे तुकडे पाडतं: नवी ओळ आली की तुकडा संपतो, किंवा ६४ बाइट भरले की संपतो, जे आधी होईल ते. प्रत्येक तुकड्याचा हॅश (मजकुरावरून निघणारा आकडा) काढून 'हा तुकडा किती बाइट आला' एवढीच बेरीज ठेवतं. तुकडा कुठे होता हे कुठेच ठेवलं जात नाही. उलटी केली, ढवळली, बेरीज तीच.

म्हणून स्क्रिप्टमध्ये 'सी१०० म्हणजे हुबेहूब' असं कधीही धरू नका. हुबेहूब आहे का हे --रॉ मध्ये दोन्ही ब्लॉबचे आयडी पाहून ठरवा, किंवा कमिटनंतर

गिट रेव्ह-पार्स हेड:मूळ हेड:प्रत

दोन ओळी सारख्या आल्या तरच हुबेहूब.

---

टॅबस्पेस

याच तुकड्यांच्या पद्धतीमुळे आणखी दोन गोष्टी होतात, दोन्ही रोजच्या.

इंडेंटेशन: प्रतीतल्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टॅब घाला. माणसाला ही तीच फाइल दिसते. गिटला एकही तुकडा जुळत नाही, उत्तर ए. -डब्ल्यू दिल्याने फरक पडत नाही. तो पर्याय हंक दाखवताना लागू होतो, साम्य मोजताना नाही. कॉपी करून लगेच फॉरमॅटर चालवला की कॉपीचा माग गेला.

ओळीचा शेवट: प्रत सीआरएलएफ केली (प्रत्येक नव्या ओळीआधी विंडोजसारखा सीआर हा जादा बाइट घातला) तर मात्र सगळं जात नाही. मजकुराच्या फाइलीत नव्या ओळीआधीचा सीआर हॅशमध्ये धरला जात नाही, आकारात मात्र मोजला जातो. या मांडणीत ४००० भागिले ४१००, म्हणून सी०९७. वर ऑटोसीआरएलएफ बंद ठेवलं आहे ते याचसाठी. चालू असेल तर ॲड करतानाच सीआर निघून जातात आणि चाचणी न होताच १०० दिसतात.

---

भाषांतर_फाइल

देवनागरी मजकुराच्या फाइलींवर याचा परिणाम जास्त होतो, त्याचा हिशोब मांडतो. इंग्रजी संदेशांची फाइल कॉपी करून मराठी करायची, हे नेहमीचं काम. समजा मूळ फाइलीत १०० ओळी, प्रत्येकी ४० बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणून भाषांतर झालेली ओळ सरासरी ८० बाइटची धरू.

३० ओळींचं भाषांतर झालं: जुळणारे ७० × ४० = २८००. नवा आकार २८०० + २४०० = ५२००. साम्य ५३%.

३५ ओळींचं झालं: जुळणारे २६००, नवा आकार ५४००. साम्य ४८%. कॉपी गेली.

एक तृतीयांशाहून जेमतेम जास्त फाइल झालेली असते आणि डिफ सांगतो की ही कोरी करकरीत नवी फाइल आहे. उंबरठा खाली आणण्याचा इथे फार उपयोग नाही. उपाय एकच, आधी प्रत जशीच्या तशी वेगळ्या कमिटमध्ये टाका आणि भाषांतर पुढच्या कमिटमध्ये करा. मग पहिला कमिट सी१०० राहतो, दुसऱ्यात प्रत्येक ओळ जुनी-नवी अशी समोरासमोर दिसते, आणि तपासणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

---

फांदीवाला

@भाषांतर_फाइल, हा हिशोब फार उपयोगी आहे. एक पुरवणी: दोन कमिट स्क्वॉश (एकत्र) करून मर्ज केले की पुन्हा एकच कमिट उरतो आणि साम्य पुन्हा ४८% वर येतं. तसंच दोन शाखांच्या टोकांमधला डिफ मधले कमिट पाहत नाही, फक्त दोन टोकं पाहतो. कॉपीचा कमिट पाहायचा तर लॉग -पी मध्ये कमिटवार पाहावा लागतो.

---

नवाकमिट

कॉपी करून गिट डिफ -सी -सी दिलं तर काहीच दिसत नाही. आणि दुसरं, गिट डिफ --कॅश्ड -सी -सी -- प्रत असं एका फाइलीपुरतं दिलं की सी ऐवजी नवी फाइल येते. दोन्हींत काय चुकतंय?

---

टर्मिनलवासी

@नवाकमिट, दोन्ही वेगवेगळी कारणं आहेत.

पहिलं: साधा गिट डिफ इंडेक्स (पुढच्या कमिटसाठीची यादी) आणि वर्किंग ट्री (डिस्कवरच्या फाइली) यांची तुलना करतो. 'प्रत' इंडेक्समध्ये नाहीच, म्हणून गिटच्या लेखी ती अजून अस्तित्वात नाही. गिट ॲड करून --कॅश्ड द्या. मजकूर इतक्यात ॲड करायचा नसेल तर गिट ॲड -एन प्रत (मोठं एन) ने फक्त नाव नोंदवा, मग साध्या डिफमध्येही फाइल येते.

दुसरं: पाथ दिला की तुलनेआधीच बाकीच्या फाइली गाळल्या जातात. 'मूळ' गाळली गेली, मग कॉपी कोणाची म्हणणार? हार्डर दिलं तरी तेच. दोन्ही नावं द्या, किंवा पाथ देऊच नका आणि --डिफ-फिल्टर=सी ने फक्त कॉपी पाहा. फिल्टर हा शोध संपल्यावर लागतो, त्यामुळे तो सोर्स गाळत नाही. पण -सी न देता नुसतं फिल्टर दिलं तर उत्तर रिकामं येतं. त्यावरून 'कॉपी नाहीत' असा अर्थ काढू नका.

दरवेळी -सी द्यायचा कंटाळा असेल तर गिट कॉन्फिग डिफ.रिनेम्स कॉपीज. यानेही एका -सी एवढंच मिळतं, हार्डर नाही. रिनेम ओळखणं गिट २.९ (२०१६) पासून आपोआप चालू असतं, कॉपी ओळखणं मात्र अजूनही मागावंच लागतं.

---

ओळखपट्टी

वर कोटपाथ फॉल्स का ठेवलं आहे हे ज्यांना प्रश्न पडेल त्यांच्यासाठी: नाही ठेवलं तर देवनागरी नावाची फाइल अवतरणात "\३४०\२४४\२५६…" अशी अष्टमान आकड्यांत दिसते. ते म चे तीन बाइट. फाइल बरोबरच असते, फक्त दाखवण्याची पद्धत. स्क्रिप्टमध्ये मात्र याच्या भरवशावर राहू नका, -झेड द्या (नावं जशीच्या तशी येतात).

-झेड बरोबर एक काळजी: --नेम-स्टेटस मध्ये बाकी सगळ्या नोंदी दोन तुकड्यांच्या असतात (स्थिती, नाव), कॉपी आणि रिनेमची नोंद तीन तुकड्यांची (स्थिती, जुनं नाव, नवं नाव). दोन-दोन घेत वाचणारी स्क्रिप्ट पहिल्या कॉपीनंतर एकाने सरकते आणि पुढची सगळी यादी चुकीची वाचते. चूक तिथल्या तिथे ओरडत नाही, म्हणून चाचणीत किमान एक कॉपी मुद्दाम मध्यभागी ठेवा, शेवटी नको.

---

टर्मिनलवासी

स्वयंचलित चाचणी लिहिणाऱ्यांनी गिट डिफ वापरू नये, गिट डिफ-ट्री वापरावं. गिट डिफ वापरणाऱ्याचं डिफ.रिनेम्स वाचतं, त्यामुळे एका मशीनवर पास आणि दुसऱ्यावर नापास होतं. डिफ-ट्री ते वाचत नाही:

गिट डिफ-ट्री -आर -सी -सी --नेम-स्टेटस हेड^ हेड

डिफ.रिनेमलिमिट (तुलनेची मर्यादा) मात्र डिफ-ट्रीसुद्धा वाचतं, ते -एल ने स्पष्ट द्या.

गिटच्या स्वतःच्या चाचण्याही बघण्यासारख्या आहेत. टी४००३ मध्ये परवान्याच्या मजकुराची फाइल घेऊन, सेडने थोडे शब्द बदलून तिच्या प्रती केल्या आहेत. मूळ फाइल काढून टाकली, बदलली, तशीच ठेवली, अशा तिन्ही अवस्था तिथे तपासल्या आहेत. आपल्या चाचणीतही या तीन अवस्था हव्यातच.

---

ब्लॉबकर

'मूळ काढून टाकली' ही अवस्था सगळ्यात जास्त गोंधळ घालते. 'मूळ'च्या दोन प्रती करा, 'प्रत१' आणि 'प्रत२', आणि 'मूळ' गिट आरएम करा. एकदाच -सी दिलं तरी पुरतं, कारण काढलेली फाइल उमेदवार असतेच:

सी१०० मूळ प्रत१
आर१०० मूळ प्रत२

दोन्ही प्रती हुबेहूब, तरी एक कॉपी आणि एक रिनेम. एका सोर्सला जितके वापरणारे, त्यांतला यादीतला शेवटचा रिनेम ठरतो, आधीचे सगळे कॉपी. 'खरं' रिनेम कोणतं होतं याच्याशी त्याचा संबंध नाही. हेच नुसत्या -एम ने (फक्त रिनेम शोधून) पाहिलं तर एक आर आणि दुसरी ए दिसते.

---

मोठारेपो

मोठ्या रेपोत हार्डर वापरणाऱ्यांनी मर्यादा लक्षात ठेवावी. तंतोतंत प्रती हॅशवरून आधीच जुळवल्या जातात, त्या स्वस्त. उरलेल्यांची मात्र प्रत्येक नवी फाइल गुणिले प्रत्येक सोर्स अशी तुलना होते, आणि हार्डरमध्ये सोर्स म्हणजे ट्रीतली प्रत्येक फाइल. मर्यादेचा मूळचा आकडा सध्या १००० आहे (२०२१ आधी ४०० होता) आणि ताडला जातो तो वर्ग: नव्या × सोर्स हे १००० × १००० म्हणजे १०,००,००० च्या आत हवं.

४०,००० फाइलींच्या ट्रीत २५ नव्या फाइली बसतात. २६ वी आली की बसत नाही. तेव्हा गिट थांबत नाही, हार्डर सोडून साध्या -सी वर उतरतं, आणि फक्त बदललेल्या पाथवरूनच कॉपी सापडल्या अशी सूचना देतं. सूचना स्टँडर्ड एररवर जाते, त्यामुळे आउटपुट पाइप करणाऱ्या स्क्रिप्टला ती कळतही नाही. काल सी दिसणाऱ्या फाइली आज ए दिसू लागल्या तर आधी हे तपासा.

सूचनेत मर्यादा 'किमान ४००००' करा असं येईल. तेवढी लागत नाही. गिट तिथे दोन संख्यांपैकी मोठी संख्या छापतं. प्रत्यक्षात ४०,००० × २६ चं वर्गमूळ पुरतं, -एल१०२० दिलं की काम होतं. ४०००० ठेवलं तर एखाद्या दिवशी हजारो फाइलींच्या कमिटवर डिफ तासन्‌तास अडकेल.

---

भाषांतर_फाइल

रिकाम्या फाइलींचं कोणी सांगितलं नाही. पायथनच्या प्रकल्पात शून्य बाइटच्या इनिट फाइली ढिगाने असतात. नवी एक टाकली आणि हार्डर दिलं की ती कुठल्या तरी भलत्याच फोल्डरमधल्या रिकाम्या फाइलीची सी१०० म्हणून दिसते. --नो-रिनेम-एम्प्टी दिलं की या खोट्या कॉपी जातात.

---

शाखाबदल

मर्क्युरिअल आणि सबव्हर्जन या गिटसारख्या दुसऱ्या साधनांची बाजूही नोंदवतो, कारण तुलना करताना लोक एकच फूटपट्टी लावतात.

मर्क्युरिअलमध्ये एचजी कॉपी केलं की 'कशावरून' ही नोंद कमिटमध्येच जाते. शेलने सीपी केलं असेल तर कमिटआधी एचजी कॉपी --आफ्टर मूळ प्रत. फाइल नंतर शंभर टक्के बदलली तरी नोंद राहते, साम्याचा प्रश्नच नाही. पण साध्या एचजी डिफमध्ये ती दिसत नाही, एचजी डिफ --गिट द्यावं लागतं. त्यात कॉपी फ्रॉम, कॉपी टू या ओळी येतात, साम्याचा आकडा येत नाही. एचजी स्टेटस -सी (मोठं) मध्येही सोर्स दिसतो.

सबव्हर्जनमध्ये एसव्हीएन कॉपी केलं तर स्टेटसमध्ये ए च्या पुढे + येतं. प्रतीत काही बदल नसेल तर एसव्हीएन डिफ मजकूर दाखवत नाही, बदल असेल तर तेवढाच फरक दाखवतो. पूर्ण फाइल हवी असेल तर --शो-कॉपीज-ॲज-ॲड्स.

म्हणून चाचणीचा प्रश्नच बदलतो. गिटमध्ये 'ओळखलं का' हे तपासायचं, या दोघांत 'नोंदवलं का'. सीपीने केलेली आणि न नोंदवलेली प्रत हे दोघे स्वतःहून कधीही कॉपी म्हणणार नाहीत.

---

नवाकमिट

डिफ -सी ने काढलेला पॅच (फरकाची फाइल) दुसरीकडे लागतो का? त्यात तर सी१०० फाइलीचा मजकूरच नसतो.

---

शाखाबदल

@नवाकमिट, गिट अप्लाय आणि गिट ॲम ला लागतो. ग्नू पॅचला २.७ (२०१२) पासून लागतो, त्याआधीच्या पॅचला 'कॉपी फ्रॉम' ही ओळ कळत नाही आणि फाइल तयारच होत नाही. समोर सोर्स फाइल असणं मात्र गरजेचं. ती तिथे थोडी वेगळी असेल तर सी१०० ची प्रत त्या वेगळ्या मजकुराची बनते, आणि पॅच एकही तक्रार न करता लागतो. समोरच्या ट्रीबद्दल खात्री नसेल तर पॅच --नो-रिनेम्स ने काढा. आकार वाढतो, पण फाइलीचा सगळा मजकूर पॅचमध्येच असतो.